कमोडचा मान

गणपतीला बारा दिवस उरलेले असताना संडास-बाथरूमची फरशी बदलायला काढणारा माणूस एक तर फार श्रीमंत असतो, नाही तर विवाहित. मी दुसऱ्या वर्गातला. "चाकरमानी कोकणकन्येने कुडाळला उतरणार, आणि त्यांना हा शेवाळलेला कोबा दाखवायचा?" एवढ्या एका वाक्यावर आमचं घर उखणलं गेलं.

म्हणजे उखणलं गेलं असतं तर बरं झालं असतं. गवंडी म्हणाला, "कोबो फोडूक नको भाऊ. वरच लादी मारूया." मला फोडण्याचे पैसे वाचल्याचा आनंद झाला. मालाचा थर पाऊण इंच, त्यावर लादी तीन सूत (आठ सुतांचा एक इंच). इंचावर एक सूत फरशी वर येणार, हे साधं गणित होतं आणि ते आम्ही दोघांनीही केलं नाही.

कमोड काढला तेव्हा खाली ती फ्लँज दिसली. चार इंची पाइपाच्या तोंडावर जुन्या कोब्याला स्क्रूने जखडलेली पांढरी प्लॅस्टिकची चकती, दोन बाजूंना बोल्टांसाठी खाचा. दहा वर्षं आम्ही जिच्या जिवावर बसलो तिचं तोंड पहिल्यांदाच बघत होतो. टाकीचा वास घरात येऊ नये म्हणून गवंड्याने पाइपात बोळा कोंबायला कापड मागितलं. मी माझं जुनं बनियन दिलं. हे बनियन लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

लादी सुरेख बसली. फ्लँजभोवती ग्राइंडरने कापलेलं भोक मात्र उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखं. मी कुरकुरलो तर म्हणाला, "कमोडाच्या बुडाखाली कोण बघूक येतलो?" ते खरंच आहे. ती कड कमोडचा पाया झाकतो. तिथे तास घालवणाऱ्या गवंड्यापेक्षा न घालवणारा बरा.

खरा घोळ भोकाच्या आत होता. नव्या लादीपासून इंचभर खाली, विहिरीत पडलेल्या तांब्यासारखी, आमची फ्लँज बसली होती. पुतण्याला फोन लावला. तो बिल्डिंगांची प्लंबिंगची कामं घेतो. फोटो बघून तो थोडा वेळ गप्प राहिला, म्हणजे गंभीर आहे. "काका, फ्लँज फरशीवर बसायला हवी, फरशीखाली नाही. कमोड आणि फ्लँज यांच्यात मेणाची कडी दाबली जाते, त्यानेच सील होतं. इंचभर खड्डा राहिला तर मेण दाबणार कशावर? पाणी लादीखाली झिरपणार आणि तुम्हाला कळणार वासावरून."

"एका इंचान काय फरक पडता?" गवंडी. त्याने सायकलची ट्यूब गुंडाळून भरायचा पर्याय सुचवला. तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याने सिमेंट सुचवलं. आबा, म्हणजे माझे चुलते, वय ब्याऐंशी, पडवीतून म्हणाले, "आमच्या येळाक खंय होती ही फ्लँज? परसात जाय होतो, तेव्हा ह्यो सगळो डोंगर होतो."

शेवटी कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने फ्लँज उंच करायच्या कड्या, लांब बोल्ट आणि मेणाच्या दोन कड्या आल्या. कड्या एकावर एक रचून फ्लँज लादीच्या वर आणली. कमोड ठेवला, तर तो होडीसारखा डुलायला लागला! गवंड्याने इमानाने न्हाणीच्या जाळीकडे उतार दिला होता, आणि कमोड उभा त्या उतारावर. मग लादीच्या कपच्या सारत, पाणी भरलेली नळी धरून लेव्हल बघत दीड तास गेला. डुलणं थांबलं. मेणाची कडी बसवली, कमोड दाबला, बोल्ट आवळले. रात्री जेवताना बायको म्हणाली, "तुमचं ते जुनं बनियन कुठे गेलं? फडक्याला हवं होतं."

मेणाची कडी एकदा दाबली की संपली, कमोड उचलला की नवी लागते. म्हणून दुसरी मागवली होती, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

दुसऱ्या दिवशी बनियन निघालं, कपच्या पुन्हा लागल्या. पायाभोवती व्हाइट सिमेंट भरताना पुतण्याने फोनवर बजावलं, मागची कड मोकळी ठेवा, गळलं तर पाणी तिथून बाहेर दिसेल. गवंड्याला ते पटलं नाही, अर्धवट काम दिसतं म्हणे. मी त्याच्या पाठीमागे उभा राहून ती कड मोकळी ठेवून घेतली.

चाकरमानी आले ते थेट बाथरूमच्या दाराशीच. बारा माणसं, रात्रभरचा प्रवास. पण आबांनी काठी आडवी धरली. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय कोण जाव नको." आणि घातलंच की. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान जां काय बसवल्यान, तां घट ऱ्हवांदे, वाकड्याचा नीट कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बारा घसे, पैकी चार फारच काकुळतीला आलेले.

मी फ्लश ओढला. सगळे वाकून मागच्या कडेकडे बघत राहिलो. कोरडी. मग पहिला मान कोणाचा यावरून थोरल्या आणि धाकट्या घराण्यात शब्दाला शब्द लागला. तो संपेपर्यंत आबा आत गेले आणि त्यांनी कडी लावली.