बाहेरच्या ड्राइव्हचा मानपान

लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे, असं सांगणाऱ्याच्या खिशात नेमका पेन ड्राइव्ह असतो. पण २००५ च्या आगेमागे निघालेल्या काही लॅपटॉपांना पेन ड्राइव्हवरून सुरू होणं मंजूरच नसतं. त्यांच्या बायॉसच्या, म्हणजे बटण दाबताच जागा होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, यादीत यूएसबी सीडी-रॉम तेवढा दिसतो. मग केबलने जोडायचा बाहेरचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह शोधून आणावा लागतो, आणि लग्नातल्या रुसलेल्या मामांसारखा त्याचा मानपान सुरू होतो.

पहिला मान विजेचा. यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. तबकडी गरगरायला लागली की ड्राइव्ह त्याच्या दुप्पटही मागू शकतो. केबलला दोन प्लग असतात ते याचसाठी. दुसरा प्लग सुटा भाग समजून बांधून ठेवू नये, तोही लॅपटॉपमध्ये खुपसावा. अडॅप्टर नसलेल्या हबमध्ये ड्राइव्ह लावणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

तबकडीचं बोलायचं तर सीडीत ७०० एमबी मावतात, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी. उबुंटू या डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराने, सीडीची वेस २०१२ मध्येच, १२.१० आवृत्तीत ओलांडली, २४.०४ तर साध्या डीव्हीडीतही मावत नाही. प्रोसेसर ३२-बिटचा असेल तर डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोच्या १३ व्या आवृत्तीचा इन्स्टॉलर मिळत नाही, १२ चा नेटइन्स्ट, म्हणजे बरंचसं नेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर, घ्यावा. लाइव्ह डेस्कटॉपच्या, म्हणजे न बसवता तबकडीवरूनच लिनक्स चालवण्याच्या, वाटेला जाऊ नये. त्याला हजार बारीक फाइली लागतात आणि प्रत्येकीसाठी ड्राइव्हची भिंग तबकडीभर येरझारा घालते. माऊसचा बाण हलेपर्यंत चहा होतो, पिऊनही होतो.

उतरवलेल्या आयएसओचा, म्हणजे अख्ख्या तबकडीची प्रत असलेल्या फाइलीचा, एसएचए२५६ हा तपासणीचा आकडा आधी संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून पाहावा. मग जाळताना ‘इमेज लिहा’ हाच पर्याय निवडावा, वेग ४एक्स. आयएसओ नुसती ओढून टाकली तर तबकडीवर एक भलीमोठी फाइल बसते आणि बायॉसला त्यात सुरू करण्याजोगं काहीच सापडत नाही.

ड्राइव्ह बंद लॅपटॉपला जोडावा, तबकडी घालावी आणि मग बटण दाबावं. बायॉस हजेरी एकदाच घेतो; उशिरा आलेल्याला वर्गात घेत नाही. थिंकपॅड किंवा डेल असेल तर एफ१२, बऱ्याच एचपींवर एफ९.

आता मेनू दिसतो, भाषा निवडली जाते, सगळं सुरळीत वाटतं. आणि इन्स्टॉलर शांतपणे विचारतो, सीडी-रॉम कुठे आहे? म्हणजे ज्या तबकडीवरून तो स्वतः आत्ता वर आला, तीच! यात वेडेपणा वाटतो, पण कारण सरळ आहे. सुरुवातीचा भाग बायॉसने वाचलेला असतो. पुढे लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ताबा घेतो आणि यूएसबीची सगळी मंडळी नव्याने ओळखून घेतो. त्या ओळखपरेडीत वीज कमी पडली की ड्राइव्ह क्षणभर बेशुद्ध होतो. ऑल्ट आणि एफ२ दाबून दुसरा पडदा उघडावा, ‘डीमेसेज’ (dmesg) ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवावी. तिथे यूएसबी ‘रीसेट’च्या ओळींची रांग दिसली तर डिस्ट्रोला शिव्या देणं थांबवावं. केबल काढून लॅपटॉपच्याच दुसऱ्या पोर्टात, दोन्ही प्लगांसकट लावावी, दिवा स्थिरावू द्यावा आणि इन्स्टॉलरच्या मेनूतून तबकडी शोधण्याची पायरी पुन्हा करावी. वाचनातच चुका दिसत असतील तर मात्र दोष तबकडीचा. दुसऱ्या कंपनीची कोरी घेऊन पुन्हा जाळावी.

एवढं करून डेबियन बसलं, तरी नेट न जोडता बसवलं असेल तर एक खोडी उरते. तबकडीवरचं एखादं साधं सॉफ्टवेअर टाकायला गेलं तरी एपीटी, म्हणजे डेबियनचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन, म्हणतं, अमुक नावाची तबकडी ड्राइव्हमध्ये घाला आणि एंटर दाबा. सॉफ्टवेअर कुठून आणायचं ते लिहिलेली ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ ही फाइल (/etc/apt/sources.list) उघडून ‘डेब सीडीरॉम’ने सुरू होणाऱ्या ओळीपुढे # टाकावं, खाली नेटवरच्या भांडाराची ओळ लिहावी आणि ‘एपीटी अपडेट’ चालवावं.