‘रोखठोक’ यांना उत्तर : एसी, कात्री आणि माझा अंगठा

गेल्या आठवड्यात छाटणीची कात्री घेताना काय बघावं, यावर लिहिलं होतं, त्यात फेल्को या स्विस कंपनीच्या कात्रीबद्दलही होतं. त्याखाली ‘रोखठोक’ या नावानं एक प्रतिक्रिया आली. तिथंच चार ओळी लिहायला बसले, पण त्या चाराच्या चाळीस झाल्या, म्हणून वेगळं टाकतेय. प्रतिक्रिया जशीच्या तशी देते, नाहीतर परत म्हणाल की मी मोडतोड केली :

“एसीत बसून स्विस कात्रीची जाहिरात करणं सोपं असतं ताई. आमच्याकडं टोळीतले गडी २५० रुपयांच्या कात्रीनं एकरच्या एकर छाटतात. कसब हातात असतं, कात्रीत नाही. २५ मिलिमीटरची फांदी कापते म्हणता, वाळलेला ओलांडा कापून दाखवा. स्प्रिंग गेली तर तालुक्याला मिळते का? कात्री निर्जंतुक करण्यावर एक ओळ नाही, डाळिंबवाल्यांनी काय करायचं?”

दादा, (नावावरून दादा की ताई ते कळत नाही, पण एकंदर सूर बघून दादाच म्हणते) आधी एसीचं मिटवू.

आमच्या घरात एसी आहे. एकच आहे आणि तो सासूबाईंच्या खोलीत आहे. त्यांना दमा आहे, म्हणून चार वर्षांपूर्वी बसवला. मी त्या खोलीत रात्री औषध द्यायला जाते तेवढीच. तो लेख लिहिला पडवीत बसून. लाईट गेलेली होती आणि मोबाईल १८ टक्क्यांवर आला होता. हे सगळं सांगायची मला काही गरज नव्हती. पण “एसीत बसून” लिहायची तुम्हाला तरी कुठं होती? लेख चुकला असेल तर चुकला म्हणा. लिहिणारी कुठं बसलीय याच्याशी पात्याच्या धारेचा काय संबंध?

आणि ते “ताई”. मला गावात निम्मी माणसं ताई म्हणतात, आवडतं मला. पण वाक्याच्या शेवटी नुसतं फेकलेलं ताई वेगळं लागतं, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. “जाहिरात” शब्दाचंही तसंच. कात्री मी माझ्या पैशानं घेतली, ती पण दोन हंगाम मनात घोळवत राहून, आणि त्या लेखातून मला एक रुपया मिळालेला नाही. मिळाला असता तर पहिली ओळ तीच लिहिली असती.

आता तुमचं मधलं वाक्य. “कसब हातात असतं, कात्रीत नाही.” प्रतिक्रियेला सगळे अंगठे याच वाक्यानं मिळवून दिलेत, बघितले मी. मला ते वाचून माझा अंगठा आठवला, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते.

लग्न होऊन निफाड तालुक्यात आले १९९६ साली. अडीच एकर थॉम्पसन द्राक्षं. त्या वेळी आमच्याकडं बाईच्या हातात कात्री देत नव्हते. गडी पुढं छाटत जायचे, बायका मागून काड्या वेचायच्या, ऑक्टोबरात काडीच्या डोळ्यांना (जिथून कोंब फुटतो त्या जागांना) पेस्ट लावायची. सात-आठ वर्षं मी तेवढंच केलं, पण बघत होते. कुठल्या काडीला किती डोळे ठेवतात, काप कुठं घेतात, तिरका कुणीकडं. मग एका ऑक्टोबरात ह्यांचा हात मोडला, त्याच आठवड्यात टोळी दुसऱ्या बागेवर गेली, आणि छाटणीची तारीख तर पुढं ढकलता येईना. बाजारातून एक कात्री आणली. लाल प्लास्टिकच्या मुठीची, बिननावाची. तुमच्या २५० वाल्या कात्रीची त्या काळातली मोठी बहीण समजा.

हिशेब करून बघा. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असली की एकरी ९६८ झाडं येतात. एका झाडाला ३० काड्या धरा. म्हणजे एकराला २९ हजार काप, आणि हे फक्त काड्यांचे. मध्ये येणारं फालतू वेगळंच. त्यातला प्रत्येक काप म्हणजे मूठ एकदा आवळायची, एकदा सोडायची. त्या लाल कात्रीची मूठ पूर्ण उघडली की माझं करंगळीचं बोट तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. म्हणजे सगळा जोर पहिल्या दोन बोटांवर आणि अंगठ्याच्या बुडावर. दुसऱ्या दिवशी दुपारी मधला खिळा ढिला झाला आणि दोन पात्यांत फट पडली. मग काडी कापली जायची नाही, दुमडून मध्ये अडकायची, आणि मनगट पिळून ती तोडायची. सोडायला गेलं की स्प्रिंग उडायची. ओल्या मातीत स्प्रिंग शोधत गुडघ्यावर रांगणारी मी, हे चित्र माझ्या मुलीला अजून आठवतं.

पाच दिवस असे काढले. कसब नव्हतं असं म्हणू नका, नंतर टोळीच्या मुकादमानं बाग फिरून बघितली आणि काप बरोबर घेतलेत म्हणाला. कसब होतं, हात संपला. पुढच्या महिन्याभरात उजवा अंगठा सकाळी उठलं की दुमडलेला असायचा. दुसऱ्या हातानं सरळ करायला लागायचा, आणि तो कट्‌ असा आवाज करून उघडायचा. डॉक्टर म्हणाले, ट्रिगर फिंगर. आधी पट्टी, मग इंजेक्शन. भाकरी थापायला वर्षभर त्रास झाला. तेव्हा कसब हातात असतं हे मला कुणी शिकवू नये. हात शाबूत राहिला तरच ते तिथं राहतं.

आणि हाताचं सोडा, झाडाचं बघा. चांगल्या बायपास कात्रीत दोन पाती समोरासमोर आदळत नाहीत, एकमेकांना घासून पुढं जातात. एक धारेचं पातं, दुसरा नुसता टेकू देणारा आकडा. काडी घ्या, वरच्या डोळ्यापासून अर्धा-पाऊण इंच सोडा, आणि धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडं ठेवा, आकडा पडणाऱ्या तुकड्याकडं. दाबलं की आकड्याच्या बाजूची साल थोडी चेपते, पण ती खाली पडणारी असते. राहणाऱ्या काडीचं तोंड काकडी कापावी तसं गुळगुळीत येतं, कडेला हिरवी रेघ अखंड. आता हेच फट पडलेल्या कात्रीनं करा. साल एका बाजूनं चिंबते, आत पांढरे धागे निघतात, नखानं ओढले तर खाली डोळ्यापर्यंत सोलत जातात. असल्या चिंबलेल्या तोंडातून वाळत जातं, रोगाला वाट मिळते. यात माझ्या हाताचं कसब काय करणार होतं, सांगा?

टोळीतल्या गड्यांचा दाखला दिलात. ते गडी मला तुमच्यापेक्षा कमी माहीत नाहीत. सुरगाण्याकडून, पेठकडून येतात, आमच्याच शेडमध्ये उतरतात. ते स्वस्तातली कात्री वापरतात कारण ती बरी असते म्हणून नाही, चोरीला गेली तर जीव जळत नाही म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी माझी कात्री आमच्या मुकादमाच्या हातात दिली होती, वापरून बघ म्हटलं. एक दिवस वापरली आणि संध्याकाळी पुसून परत दिली. “चांगली आहे, पण हाताला सवय नाही,” म्हणाला. तुम्ही लगेच म्हणाल, बघा! तर थांबा. तिसऱ्या दिवशी जाड ओलांडे (वेलीचे आडवे फाटे) काढायची वेळ आली, तेव्हा तीच कात्री मागायला तो स्वतः आला. आधी का परत दिली, हे मी विचारलं नाही. त्याचं त्याला माहीत.

ओलांड्यावरून आठवलं. इथं तुमचा मुद्दा मला मान्य आहे, मी कबूल करते. ज्या फेल्को २ बद्दल लिहिलं तिची २५ मिलिमीटर ही क्षमता ओल्या, जिवंत लाकडाची समजायची. वाळलेल्या ओलांड्यावर ती जाडी धरून जोर लावला की पातं वाकडं होतं, फट पडते, आणि काही हजारांची कात्री २५० ची होते. वाळलेल्याला अन्‌व्हिल कात्री बरी, जिचं पातं ऐरणीसारख्या सपाट पट्टीवर पडतं, किंवा सरळ करवत घ्यावी. हे मूळ लेखात हवं होतं. आज एक ओळ घातली आहे. झालं?

पण मी त्या लेखात सगळ्यांनी फेल्कोच घ्या असं कुठं म्हटलंय, तेही दाखवा. वाक्य असं होतं : “आपल्या मुठीला बसते ती घ्या.” फेल्को २ साधारण २४० ग्रॅमची, २१५ मिलिमीटर लांब. माझ्या हाताला ती मोठी होते, म्हणून मी ६ नंबर वापरते, ती २१० ग्रॅमची आणि २० मिलिमीटरपर्यंतचीच. आमचे हे डावखुरे, त्यांना ९ नंबर, कारण उजव्या हाताची कात्री डावखुऱ्याच्या हातात गेली की पातं नेमकं चुकीच्या बाजूला येतं आणि काप कुठं पडतोय ते दिसत नाही. जपानी आर्सबद्दलही एक परिच्छेद होता. परसात दोन गुलाब, एक लिंबू आणि कढीपत्ता असेल तर लुधियानाची फाल्कन पुरते, हेही लिहिलं होतं. तुम्ही “स्विस” शब्द दिसताच खाली उतरलात, असं मला वाटतं. वाचलं असतंत तर दुकानात कात्री मिटून उजेडाकडं धरून फट बघायची आणि ओल्या वर्तमानपत्रावर टोक चालवून बघायचं, हे फुकटातलं पण दिसलं असतं. त्याला काही जाहिरात म्हणता येणार नाही.

स्वस्त कात्रीला पण जपलं तर ती बरी चालते, एवढं मी म्हणेन, पण तुमचा मुद्दा तो नव्हता. जपायचं म्हणजे काय, ते जाता जाता सांगते, कारण यात चांगल्या चांगल्या बागवाल्यांचा घोळ असतो. कात्रीच्या पात्याला एकाच बाजूनं उतार असतो, सुताराच्या पटाशीसारखा. धार त्या उताराच्या बाजूनंच द्यायची. आतली सपाट बाजू दगडावर आडवी ठेवून धार देताना उलटलेली कणी फक्त काढायची, तीही एक-दोन हात. माझी दुसरी कात्री मी दारावर आलेल्या धारवाल्याला दिली होती. त्यानं चाकावर दोन्हीकडून घासली, पातं निळं पडेपर्यंत. एकीकडून फट झाली, दुसरीकडून पोलादाचं पाणी उतरलं. तीन झाडं झाली की बोथट. त्याची चूक नाही, तो विळ्या-कोयत्याचा माणूस. तेव्हापासून मी स्वतः डायमंडच्या पट्टीनं रोज संध्याकाळी आठ-दहा हात फिरवते. टीव्ही बघत बघत होतं. (एसीत नाही.)

आता निर्जंतुकीकरण. एक ओळ नाही म्हणालात. दादा, लेख कात्री निवडण्याचा होता, रोगाचा नव्हता. तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग) हा डाळिंबवाल्यांच्या जिवावर उठलेला विषय आहे, त्याला मी एका ओळीत कशी गुंडाळणार? २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये कात्री बुडवून पुढच्या झाडाला जायचं, छाटल्यावर कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) लावायची, हे डाळिंबवाल्याला माझ्याकडून कळायची गरज नाही, त्याला ते पाठ असतं. माझा संबंध एवढाच येतो की हायपोक्लोराइट पोलाद खातं. दिवस संपला की कात्री साध्या पाण्यानं धुवा, पुसा, तेलाचा थेंब सोडा, नाहीतर महिन्यात तांबडी पडेल. बाकीचं पुन्हा कधीतरी. आत्ता नको.

राहिली स्प्रिंग. तालुक्याला मिळते का? नेहमी नाही. शोधलं की मिळते. फेल्को कंपनी १९४५ पासून कात्र्या करतेय आणि पातं, स्प्रिंग, बोल्ट, मुठीवरचं रबर असा एकेक भाग सुटा विकते, हेच तर मी सांगत होते. मला अडचण आली नाही. माझा भाचा म्युनिकला असतो, दिवाळीला येताना दोन-तीन स्प्रिंगा आणि एक पातं घेऊन येतो. ऑनलाइनही असतात, कधी कधी. प्रत्येकाचा भाचा म्युनिकला नसतो हे तुम्ही आता लिहालच, लिहा. पण २५० च्या कात्रीची स्प्रिंग तरी कुठल्या दुकानात सुटी मिळाली तुम्हाला? तिथं स्प्रिंग गेली की कात्रीच जाते.

माझ्या डब्यात आत्ता दोन स्प्रिंगा पडून आहेत, ६ नंबरच्या. तुम्ही स्प्रिंगेचं एवढं तपशिलानं विचारलंत, त्यावरून मला शंका आहे की तुमच्याकडंही एक चांगली कात्री कुठंतरी पोत्यात बिनस्प्रिंगेची पडली असावी. ६ नंबर असेल तर पत्ता कळवा, एक पोस्टानं पाठवते. मागताना फक्त ते “ताई” नीट लिहा.