सौर पॅनेल कोळसा खात नाही

काकांच्या ग्रुपवरचा मेसेज आता घरोघरी पोचलाय: "सरकारी तक्त्यातूनच सिद्ध! सौरविजेलाही औष्णिकइतकाच कोळसा लागतो. कार्बन कर आला की वीज दुप्पट, बाकी सगळं त्याच पटीत महाग."

सौरचा मुद्दा तर कहरच. मेसेजमधला तक्ता म्हणजे केंद्राचा पुरवठा-वापर तक्ता: कोणता उद्योग काय बनवतो आणि त्यासाठी काय किती रुपयांचं विकत घेतो त्याची नोंद, 140 उत्पादनं आणि 66 उद्योगांची. त्यात विजेला एकच रकाना. औष्णिक, जल, पवन, सौर, अणू, वर तारा-खांबांचं जाळं, सगळं एकत्र. तिथला कोळसा ही सरासरी आहे. हॉटेलचं बिल माणशी वाटलं म्हणून शाकाहाऱ्याने मटण खाल्लं असं होत नाही.

धोरण तपासायचं तर आधी हा रकाना फोडावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांवरून कुठल्या प्रकाराने किती युनिट दिले ते घ्यायचं, मग प्रत्येकाचा खर्च मांडायचा: इंधन, देखभाल, पगार, घसारा, नफा. कोळशाची अख्खी रक्कम औष्णिककडे जाते. सौरकडे जवळपास सगळं भांडवलाचं उत्पन्न उरतं, कारण पॅनेलची खरेदी रोजच्या खर्चात नव्हे, गुंतवणुकीत नोंदली जाते. शेवटी ओळी आणि रकान्यांच्या बेरजा 'रास' (RAS) पद्धतीने, म्हणजे ओळी-रकाने आळीपाळीने गुणत, जुळवायच्या. गुणाकार शून्याला शून्यच ठेवतो, म्हणून सौरच्या कोळशापुढे आधीच शून्य लिहायचं. ते विसरलात तर मेसेजवाल्यांचाच निष्कर्ष निघतो.

"वीज दुप्पट"? कोळशावरचा असा कर आपण आधीच भरलाय: 2016 पासून टनाला 400 रुपये उपकर होता. एका युनिटला साधारण 0.65 किलो कोळसा धरा: 26 पैसे. गळती धरून तिशीच्या आसपास. (सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकर जाऊन जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. म्हणजे कर आता वजनावर नाही, किमतीवर. स्वस्त, जास्त राखेच्या कोळशावरचा भार हलका झाला.)

कार्बन कर मात्र धुरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनांवर बसतो, रुपयांवर नाही. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र खाणींच्या शेजारी, नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या केंद्राला तसाच कोळसा रेल्वेने शेकडो किलोमीटरवरून येतो. भाड्यासकटच्या रकमेला टक्केवारीने गुणलं की एकलहऱ्याच्या धुरावर फुकटचा जादा कर बसतो. म्हणून रुपयांच्या तक्त्याशेजारी टनांचं वेगळं खातं लागतंच.

"सगळं त्याच पटीत" यात अर्धं खरं आहे, मान्य. सिमेंट आणि ॲल्युमिनियमला झळ खरंच जास्त बसेल. त्यांच्या स्वतःच्या वीजकेंद्रांचा कोळसा विजेच्या रकान्यात दिसतच नाही, तो थेट त्यांच्या खरेदीत असतो. पण शिंप्याला आणि सिमेंटवाल्याला एकच पट? तक्त्यातले दोघांचे रकाने शेजारी ठेवून बघा.