सकाळी बसलेल्या डिस्कव्हरीबद्दल, वर्कशॉपकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या शेडमध्ये दिवसभर गुजराती-हिंदी चालतं, पण भांडण आपल्या भाषेतच बरं.

रिव्ह्यू न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी २००९ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी-३, स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी बॅगांवर उभी राहणारी आणि वर-खाली होणारी. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तीन खेपा झाल्या, ३८ हजार गेले, तरी सकाळी गाडी बसलेलीच. आम्ही आधी रिले (कंप्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) म्हणालो, मग कंप्रेसर (बॅगांत हवा भरणारा पंप), मग लीकेज, म्हणजे अंदाजपंचे काम. आणि बॅगांऐवजी साधी स्प्रिंग बसवायला सांगितली तर नकार दिला.

पहिल्या खेपेला चूक माझीच होती. शनिवारी दुपारी गाडी आली तेव्हा चावी काढल्यावरही कंप्रेसर घरघरत होता. रिलेचे पॉइंट चिकटले की असं होतं, आणि अशाने बॅटरीही उतरते. रिले बदलला, कंप्यूटरमधला बिघाडाचा कोड पुसला, संध्याकाळी गाडी परत दिली. तुम्हाला रविवारी पावागडला जायचं होतं आणि मी भिडेला पडलो. हवेवरची गाडी रात्रभर उभी ठेवल्याशिवाय सोडायची नाही, हा माझाच नियम, तो मीच मोडला. रिले का चिकटला हे तेव्हाच विचारायला हवं होतं. कंप्रेसर दिवसभर चालू-बंद, चालू-बंद होत राहिला की रिले जातो. आणि तो एवढा चालतो, कारण हवा कुठूनतरी निसटत असते.

दुसऱ्या खेपेला तुम्ही ऑनलाइन मागवलेला कंप्रेसर डिकीत घालून आलात. मीटरवर ‘नॉर्मल हाइट ओन्ली’ येत होतं आणि स्कॅनरवर सी१ए२० कोड. हा कोड एवढंच सांगतो की हवेची टाकी भरताना दाब हवा तितक्या वेगाने चढत नाही. कंप्रेसर थकला असेल तरी तो येतो, हवा गळत असेल तरी येतो. आधी लीकेज बघू, असं मी म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, पार्ट आणलाय तर बसवून टाका. मी बसवला. गिऱ्हाईक म्हणतं म्हणून करायचं असेल तर मग आमचं काम काय, हा तुमचा टोमणा मला मान्य आहे.

मात्र जुना कंप्रेसर ठणठणीत होता, असं कुणी समजू नये. उघडला तेव्हा ड्रायरमधल्या दाण्यांचा ओला भुगा झाला होता आणि बॅगांना हवा वाटणाऱ्या वॉल्व्ह ब्लॉकच्या तोंडाशी पांढरी पूड अडकली होती. हे दाणे हवेतला ओलावा शोषतात. ते भिजून फुटले की पूड नळ्यांतून पुढे जाते आणि वॉल्व्ह नीट मिटत नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मगरींच्या विश्वामित्री नदीचं पाणी अकोट्याकडे शिरलं तेव्हा गाडी दोन दिवस पाण्यात होती, हे तुम्ही त्याच दिवशी बोलता बोलता सांगितलंत. पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी ड्रायरपासूनच सुरुवात केली असती. त्या पुरानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांत कारपेटखालून चिखल निघायचा, एकीत मासा निघाला. मगर निघाली नाही हे नशीब.

तिसऱ्या खेपेला जे केलं, ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. या गाडीची एक खोड आहे. गाडी उभी असताना तिचा कंप्यूटर काही तासांनी जागा होतो, चारही कोपरे तपासतो आणि एक खाली गेला असेल तर बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला उतरवतो. इंजिन बंद असताना वर उचलता येत नाही, म्हणून खालीच आणतो. त्यामुळे गळती एका चाकाला असते आणि सकाळी अख्खी गाडी बसलेली दिसते. आमचा पोरगा तुमची गाडी बघून एवढंच म्हणाला होता, ‘साहेब, गाडी बेसी गई.’ कुठल्या चाकाने दगा दिला हे नुसतं बघून कळत नाही.

म्हणून मी संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर लावली, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजून खडूने लिहिलं आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला. आता कंप्यूटर झोपेतून उठून ढवळाढवळ करू शकत नव्हता. सकाळी तीन चाकं ३-४ मिलिमीटर उतरली होती. पुढचं डावं ४३.

त्या चाकाला साबणाचं पाणी मारलं तर नेहमीच्या उंचीवर काहीच दिसेना, कारण बॅगचं रबर जिथे दुमडतं ती घडी आत लपलेली असते. फ्यूज परत लावून, गाडी चालू करून ऑफ-रोड हाइटला नेली, म्हणजे ५५ मिलिमीटर वर. घडी उलगडली आणि तिथे बारीक फेस धरू लागला. हे बघताना गाडी स्टँडवर होती. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, व्हिडिओ बघून घरी करणाऱ्यांनी तर अजिबात नाही. हवा गेली की ती विचारून खाली येत नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं, पण तुम्हाला नाही, तुमच्या चिरंजीवांना. त्यांनी ‘पप्पांना सांगतो’ म्हटलं आणि गाडी घेऊन गेले. लेखी काही दिलं नाही, ही आमची दुसरी चूक. बॅग बदललेली नाही, म्हणून परवा सकाळी गाडी पुन्हा बसली. बसणारच होती.

पैशांचं सांगतो. ३८ हजारांपैकी २९ हजार कंप्रेसरचे, ते तुम्ही विक्रेत्याला दिलेत. आमचे ९ हजार : पहिल्या खेपेचे २०००, दुसरीचे ४५००, तिसरीचे २५००. पैकी दुसऱ्या खेपेची मजुरी आधी लीकेज न शोधता घेतली, म्हणून ते ४५०० परत. कंप्रेसर वाया गेलेला नाही, पण बॅग अशीच गळत राहिली तर नवाही धाप टाकून जाईल. तापला की तो स्वतःहून बंद पडतो. हे रोज व्हायला लागलं तर त्याचं आयुष्य किती, ते तुम्हीच ठरवा.

स्प्रिंगला मी नकार दिला नव्हता, ‘आत्ता नको’ म्हणालो होतो. एका चाकाच्या रबरासाठी चारही काढायचे, कंप्यूटरला गप्प बसवायचं आणि गाडी वर-खाली होणं कायमचं घालवायचं. आईंना चढता यावं म्हणून तुम्ही ती ५० मिलिमीटर खाली घेता, हे मी दारात बघितलंय. स्प्रिंगवर ते होणार नाही. तरी तुमचं मन त्यातच असेल तर करून देईन, पण दिवे आणि मेसेज गप्प करायचा खर्च वेगळा पडेल.

कुणीतरी तुम्हाला उंचीच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन करून घ्या म्हणालं, असंही लिहिलंत. इंजिन चालू असताना चारही कोपरे बरोबर उंचीवर येतात, म्हणजे सेन्सर खरं बोलतायत. त्याचे पैसे कुणालाही देऊ नका.

या गाडीत बॅग शॉकरसकटच येते, म्हणून पुढची जोडी बदलावी असं माझं मत. उजवीकडच्या घडीलाही बारीक चिरा आहेत. एकच बदलायची असेल तर एकच बदलू. इस्टिमेट आज तुमच्या, तुमच्याच, नंबरवर पाठवतोय. गुरुवारी गाडी आणलीत तर शनिवारी सकाळी मिळेल, मधल्या दोन रात्री ती इथेच, खडूच्या आकड्यांसकट. तोवर पिवळा दिवा असेल तर जपून चालवा. लाल लागला आणि ५० च्या वर नेऊ नका असा मेसेज आला तर गाडी उभी करून फोन करा, टो व्हॅन मी पाठवतो.