हे कशावरून?

एनसीईआरटीने २०२३मध्ये दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा १८००हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. योग्यच केलं. पण इथे फ्रान्समध्ये तो वाद वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकत होती. सगळं भांडण धडा असावा की नसावा, एवढ्यावरच अडलं होतं. तो धडा पुस्तकात होता तेव्हा तरी ‘हे कशावरून?’ असं किती वर्गांत विचारलं जात होतं?

इथे बाकालोरेआच्या, म्हणजे शालान्त परीक्षेच्या, सर्वसाधारण शाखेत शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान सक्तीचं आहे. पेपर चार तासांचा. २०२४च्या पेपरात एक प्रश्न होता: आपली सत्याची गरज विज्ञान भागवू शकतं का? उत्तर ‘हो’ लिहा की ‘नाही’, गुण मांडणीचे.

मला हे मनापासून आवडतं. तरी ते उचलून जसंच्या तसं महाराष्ट्रात आणा, असं मी म्हणणार नाही. इथलीही मुलं आधी बाजू, मग प्रतिबाजू, शेवटी समन्वय हा साचा घोकतात, अवतरणं पाठ करतात. आपल्याकडे वेगळा विषय केला, तर वर्षभरात त्याचे क्लास आणि गाइडं निघतील. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारावर भर आहे. वेळापत्रकात त्याचा एक तास घालून कुणी मोकळं होऊ नये.

‘हे कशावरून?’ हा प्रश्न आहे त्याच विषयांत विचारायला हवा. शिवजयंती तिथीने की तारखेने, यावर आपण दरवर्षी हिरिरीने बोलतो. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ठरली कशी, हे मात्र मुलांना क्वचितच कळतं. उत्तरकालीन बखरींच्या आधारे पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल सांगितलं जाई. पुढे जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, उजेडात आली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती, आणि महाराजांच्याच काळात रचलेलं ‘शिवभारत’ तिला दुजोरा देतं. आता वर्गाला विचारा: बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली? शकावलीतल्या बाकीच्या नोंदी इतर कागदपत्रांशी जुळतात का? दोन साधनं एकच सांगतात, पण एकीवरून दुसरी उतरवलेली नाही हे कसं ओळखायचं? आठवीतली मुलं यावर तासभर भांडतील, आणि त्या भांडणात महाराजांबद्दलचा आदर तसूभरही कमी होणार नाही. उलटे प्रश्न विचारले की श्रद्धा जाते, ही भीती मला खरंच अनाठायी वाटते.

खरी अडचण शिक्षकांची आहे. साठ मुलांचा वर्ग, पोर्शन संपवायची घाई आणि डोक्यावर बोर्डाचा पेपर. म्हणून सुरुवात पेपरापासूनच करावी. एकाच घटनेचे दोन परस्परविरोधी उतारे द्यायचे आणि विचारायचं, कशावर विश्वास ठेवाल आणि का? पाच गुण, आणि नमुना उत्तर छापायचं नाही.