म्हणे, त्या काळच्या मानाने बघा!

"अहो, त्या काळी सगळेच तसे होते." अमेरिकेच्या संस्थापकांच्या शेतांवर गुलाम राबत होते असं म्हटलं रे म्हटलं, की कुणीतरी ही ढाल पुढे करतंच. चला, एकाच माणसाचं बघू.

जॉर्ज मेसन. व्हर्जिनियात पोटोमॅकच्या काठी गन्स्टन हॉल नावाचा वाडा, हजारो एकर जमीन, तंबाखू आणि गहू. राजकारणाचा तिटकारा, तरी १७७६ साली व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा याच्याच हातचा. त्यात म्हटलं होतं, सगळी माणसं जन्मतः सारखीच स्वतंत्र. सभेत लगेच हरकत आली: मग आपले गुलाम? त्यावर 'समाजात प्रवेश करताना' अशी पाचर मारण्यात आली. गुलाम समाजात धरायचेच नाहीत, मिटला प्रश्न!

त्याच्या मुलाने, जॉनने, पुढे लहानपणच्या आठवणी लिहून ठेवल्या. वाडा जवळपास कशासाठीच बाहेरच्यांवर अवलंबून नव्हता. सुतार, लोहार, पिंपं बांधणारे, कातडी कमावणारे, जोडे शिवणारे, विणकर, अगदी दारू गाळणारासुद्धा घरचाच गुलाम. वाड्यासमोर चेरीच्या झाडांच्या रांगा इतक्या नेमक्या लावलेल्या, की दाराच्या मधोमध उभं राहिलं तर पहिली चारच झाडं दिसत. मेसन पाहुण्यांना झाडं मोजायला लावायचा, मग बाजूला सरकवून अख्ख्या रांगा दाखवायचा. हौशी माणूस! गुलामांची लाकडी घरं मात्र झाडीआड होती, वाड्यातून दिसत नसत. हेही जॉननेच लिहिलंय.

आता ऐका. २२ ऑगस्ट १७८७, फिलाडेल्फियातली, अमेरिकेची राज्यघटना ठरवणारी परिषद. हाच मेसन उठून म्हणतो, गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलूमशहा असतो, आणि गुलामगिरी देशावर ईश्वराचा कोप ओढवते. कनेक्टिकटच्या ऑलिव्हर एल्सवर्थने तिथेच टोमणा मारला: नीतीचाच प्रश्न असेल तर आणखी पुढे जा, जे गुलाम इथे आहेत त्यांनाही सोडा. दक्षिण कॅरोलिनाच्या पिंकनीने तर वर्मावरच बोट ठेवलं: बाहेरून गुलामांची आयात बंद झाली की व्हर्जिनियाच्या गुलामांचे भाव वाढणार, त्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहेत.

पुढच्याच वर्षी ही राज्यघटना स्वीकारायची की नाही हे ठरवायला रिचमंडमध्ये व्हर्जिनियाची सभा भरली; तिथे मेसनची तक्रार काय? तर या राज्यघटनेत आमच्या गुलामरूपी मालमत्तेला संरक्षण नाही. म्हणजे पाप आहे हे कळत होतं, पण ते आपल्याच सातबाऱ्यावर राहायला हवं होतं.

बरं, कायद्याने हात बांधले होते म्हणाल, तर तसंही नाही. १७८२ पासून व्हर्जिनियात मालकाला स्वतःच्या मर्जीने गुलाम मुक्त करता येत होते. त्याच व्हर्जिनियातल्या रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदाराने १७९१ मध्ये दस्त करून साडेचारशेहून अधिक माणसं टप्प्याटप्प्याने मुक्त करायला घेतली. शेजारीपाजारी खवळले, तरी मागे हटला नाही. मेसन १७९२ मध्ये गेला. त्याने कुणालाही मुक्त केलं नाही. मृत्युपत्राप्रमाणे माणसं मुलाबाळांत वाटली गेली.

जाहीरनामा मोलाचाच आहे, ते श्रेय त्याचंच. आज फेअरफॅक्समध्ये त्याच्या नावाचं मोठं विद्यापीठ आहे, आपली कितीतरी मुलं तिथे शिकतात. नाव बदला असं मी म्हणणार नाही. तिथे त्याच्या पुतळ्याजवळ आता त्याच्या गुलामांचंही स्मारक उभं आहे. तिकडे जाणाऱ्यांनी दोन्ही बघा, आणि 'काळाच्या मानाने' म्हणायचंच असेल तर मेसनशेजारी कार्टरला उभं करून म्हणा.