लंडनला पुण्याच्या लॉजचा पत्ताच नव्हता

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड गेल्या आठवड्यात तीनदा येऊन गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याच्या कॅम्पातल्या फ्रीमेसन्स हॉलवाल्यांनी पेशवाई बुडवली, तिथे सैतानाची पूजा चालते, धर्म सोडल्याशिवाय हिंदूंना प्रवेश नाही आणि सगळे हुकूम आजही लंडनहून सुटतात. फ्रीमेसन ही बंधुभाव मानणाऱ्यांची एक जुनी संघटना आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. माझे आजोबा पुण्यातल्या अशा एका लॉजचे कित्येक वर्षं सभासद होते. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी पेशवाई. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं नोव्हेंबर १८१७ मध्ये आणि दुसरा बाजीराव शरण गेला जून १८१८ मध्ये. 'ओरायन इन द वेस्ट' हे लॉज पुण्यात सुरू झालं १८२३ मध्ये, मुंबई तोफखान्यातल्या लोकांचं. पाच वर्षांपूर्वी बुडालेलं राज्य ते कसं बुडवणार? ते राज्यकर्त्यांच्या लष्करातून निघालेलं होतं, हे मात्र खरं आणि ते झाकायचं काहीच कारण नाही.

लंडनच्या हुकमाचा मुद्दा मला सगळ्यात पोकळ वाटतो. ओरायनला परवानगी दिली होती मद्रासकडच्या, कोरोमंडल किनाऱ्याच्या प्रांतिक ग्रँड लॉजने, म्हणजे लॉजांच्या वरच्या संस्थेने. फी, वर्गण्या सगळं तिकडेच भरलं जायचं. पुढे उघडकीला आलं की त्यातली दमडीही इंग्लंडला पोचलेली नव्हती आणि पुण्यात असं लॉज आहे हेसुद्धा तिथे कोणी कळवलेलं नव्हतं. वर मुंबई इलाख्यात लॉज काढू देण्याचा अधिकारच मद्रासवाल्यांना नव्हता. अखेर १८३३ मध्ये ओरायनला इंग्लंडहून ५९८ क्रमांकाची नवी सनद, म्हणजे लॉज चालवायचा परवाना, मिळाली. दहा वर्षं ज्यांच्या वहीत या लॉजचं नावही नव्हतं, ते तिथून कुठलं कारस्थान चालवत होते? आणि २४ नोव्हेंबर १९६१ पासून भारताचं स्वतःचं ग्रँड लॉज आहे. रामपूरचे नवाब त्याचे पहिले ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख. काही जुनी लॉजेस परदेशी सनदेखालीच राहिली, पण सनद म्हणजे हुकूम नव्हे.

धर्माबद्दल. भारतीयांना सुरुवातीला दार बंद होतं, ही वेदना खरी आहे. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत आणि इंग्लंडमध्ये नकार मिळाला, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन मेसन होण्याची दीक्षा घेतली. मग १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज भारतीयांसाठीच निघालं. स्वामी विवेकानंद, तेव्हाचे नरेंद्रनाथ दत्त, १८८४ मध्ये कलकत्त्याच्या लॉजमध्ये गेले. त्यांनी कुठला धर्म सोडला? शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची असते. आजोबांनी गीतेवर घेतली आणि संकष्टी शेवटपर्यंत सोडली नाही. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, हा नियम तर १७२३ पासूनचा आहे.

राहिली सैतानाची चिन्हं. आजोबांची चपटी काळी पेटी माझ्याकडे आहे. उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो. आत कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन, कडेला फिकट निळी पट्टी. मेसन म्हणजे गवंडी, आणि एप्रन कामावरच्या गवंड्याचाच. लॉजच्या मास्टरच्या, म्हणजे प्रमुखाच्या, गळ्यात काटकोन तपासायचा गुण्या असतो, त्याच्या खालच्या पदाधिकाऱ्यांपैकी सीनियर वॉर्डनच्या गळ्यात पातळी बघायची पाणसळ आणि ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात उभी रेघ बघायचा ओळंबा. आपल्याकडच्या कुठल्याही बांधकामावर मिस्त्रीच्या पिशवीत हेच सापडेल. माणसाने सरळ वागावं, सगळ्यांना एका पातळीवर धरावं, एवढंच त्यातून शिकवतात.

टीकाच करायची तर एका गोष्टीवर जरूर करा. ग्रँड लॉज ऑफ इंडियात बायकांना सभासद होता येत नाही. सगळ्यांना एका पातळीवर धरणाऱ्या पाणसळीत आम्ही का बसत नाही, असं माझ्या आत्याने आजोबांना तोंडावर विचारलं होतं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.